ललीशिवाय मुरबाडला

मुरबाड काय लांब नाय, असं सगळे बोलतात. शेणव्यावरनं किन्हवली, किन्हवलीवरनं सरळगाव, की आलंच मुरबाड. पन ज्याला जायाचं नसतं त्याला सगळं जवळच वाटतं. मी लगीन होऊन या पाड्यात आली ती आटगावकडनं, नि तवापासनं शहापूरच्या बाजाराच्या पुढं माझं पाऊल पडलेलं नव्हतं. मला गाडीची भीती वाटते, पुलाची वाटते, नव्या बाईनं नाव विचारलं तरी माझा घसा सुकतो. नि मला मुरबाडला जाऊन चार लोकांत बास्केटबॉल खेळायचा व्हता. तो पन लली नसताना.

लली म्हनजे माझी नणंद. ती आश्रमशाळेत ऱ्हाऊन शिकली नि तिथंच हा खेळ शिकली. शाळेतली जुनी रिंग नि फळी तिनं सरांकडनं मागून आनली, नि आमच्या ह्यांनी ती देवळापुढच्या गावच्या खळ्यावर सागाच्या खांबाला ठोकली. दिवाळीनंतर त्या खळ्यावर भात झोडतात, मंग ते मोकळंच. शेनानं सारवलेलं, म्हनून बॉल उडी मारत नाय, आपटला की निम्मा बसतोच. लली तिथं पन बॉल नाचवायची, कसं ते तिलाच म्हाईत. आमी बाकीच्या तिला बॉल द्यायचो नि कमरेवर हात ठेवून बघायचो. ती पळाली, टाकला, पडला, आमी टाळ्या. असं करत करत आमी शहापूरचे सामने जिंकलो पन, नि मुरबाडच्या सामन्यांना आमचं नाव गेलं. पेपरात फोटो आला त्यात ललीच्या मागं माझा अर्धा कान दिसतो.

मंग ललीला मुंबईच्या एका मोठ्या हापिसाच्या टीमनं घेतलं. नोकरीच दिली. आमी पेढे वाटले, आय म्हनजे माझी सासू रडली, नि लली बॅग घेऊन गेली.

ती गेली नि दामूकाका उठले. दामूकाका म्हनजे देवळाच्या कमिटीतले मोठे. बैठकीत बोलले, "देवळापुढं पत्र्याची शेड घालायची, लग्नाकार्याला बरी. तो खांब मधी येतो. आता खेळनारी हाय कोन?"

आमची कॅप्टन मंदावैनी, तिचं तोंड म्हनजे कोयता. ती बोलली, "आमी पाच जणी काय मेलो काय?"

"मेल्या नाय, पन खेळता तरी कुठं? लली खेळायची, तुमी ववाळायच्या." सगळे बाप्ये हसले. काका मंग जरा नरम झाले, वाईट मानूस नाय तो. बोलले, "मुरबाडला जाताय ना? एक मॅच जिंकून या. एकच. जिंकलात तर शेड मागच्या अंगाला घालू. नाय तर सोमवारी खांब काढायचा."

मंदावैनी बोलली, कबूल. माझ्याकडं बघून बोलली. ललीची जागा मला दिलेली, कारन मी उंच, बाकी काय कारन नाय.

शुक्रवार, जाताना

मंदावैनीच्या दिराचा पिकअप मुरबाडला भेंडी घेऊन जानार व्हता, त्यातच आमी. पाच जणी, माझी सोनी जी अजून नीट चालत पन नाय, नि सोनीला सांभाळायला आय. आय गाडीत चढताना बोलली, "मी पोरीसाठी येते. तुमचा खेळ बघायला नाय येत. जिचा बघायचा ती गेली मुंबईला."

मागं माहुलीचे सुळके दिसत व्हते तवर मला बरं वाटलं. आमच्याकडं सकाळी दार उघडलं की माहुली, त्याच्याकडं बघून आमी दिवस कसा हाय ते सांगतो. किन्हवलीच्या पुढं ते दिसायचं बंद झालं नि मला वाटलं आता कोनाकडं बघायचं. मंग समोरनं दुसरे डोंगर वर आले, माळशेजकडचे, सरळ भिंतीसारखे. थंडीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापलेली भाताची शेतं, मधी मधी वालाचा हिरवा पट्टा, आंब्याला मोहोराचा वास. मी सोनीचं डोकं धरून बसलेली, तरी बघत व्हती. भीत भीत पन बघत व्हती.

काळू नदीच्या पुलावर गाडीला गचका बसला नि रोशनीच्या मांडीवरचा बॉल उडाला. आमची रोशनी सगळ्यात ल्हान, तिचं लगीन बघतायत अजून. ती वरडली, "बॉल! बॉल गेला!" नि दीर बोलले, "पुलावर गाडी थांबत नाय." पूल संपल्यावर थांबवली. रोशनी नि मी मागं पळालो. पुलावरनं पळत जाताना खाली पानी दिसत व्हतं, मी एक डोळा मिटून पळाली. पलीकडं उताराला एक म्हातारा डोक्यावर भेंडीची टोपली घेऊन चाललेला, त्यानं पायानं बॉल अडवलेला.

"तुमचा भोपळा काय गो?"

"बॉल हाय बाबा. बास्केटबॉल."

"बायका खेळता?"

"हो. मुरबाडला चाललो."

त्यानं टोपली खाली ठेवली, बॉल दोन्ही हातात घेऊन बघितला, बोटानं ठोकला, भोपळा पिकलाय का बघतात तसा. बोलला, "वजन बरं हाय. जिंकून या." नि टोपलीतली मूठभर भेंडी माझ्या पदरात घातली. पाड्याबाहेरच्या मानसानं मला पयल्यांदा जिंकून या म्हटलं.

मुरबाडात टीमांना शाळेत झोपायला जागा व्हती, पन पोर बरोबर म्हनून आमाला शाळेजवळच्या शकूमावशीच्या घरी उतरवलं. मावशी घाटावरची, जुन्नरकडची, लगीन करून इकडं आलेली. जेवायला बाजरीची भाकरी नि शेंगदान्याचा कूट घातलेली वांग्याची भाजी. आपल्याकडं तांदळाची भाकरी, सुकट, नि भाजीत खोबरं मिळालं तर मिळालं. बाजरीची भाकरी आयनं मोडली नि बोलली, "ही काळी कशी?"

मावशी बोलली, "काळी हाय म्हनून ताकद हाय. तुमी इकडचे लोक भाताबरोबर भाकर पन भाताचीच खाता, तुमाला वेगळं काय म्हाईत?"

आय बोलली, "आमच्या भाताच्या भाकरीनं माझी पोर मुंबईला गेली खेळायला." नि बोलल्यावर तिचाच घास अडकला. मावशीनं तिला पानी दिलं. मी आनलेली भेंडी दुसऱ्या दिवशी मावशीनं कुटात परतली. तिकडं भेंडीत पन कूट घालतात.

शनिवार

आता ती गोष्ट सांगते जी सगळ्या मुरबाडला म्हाईत झाली.

आपल्या खळ्यावर खेळायच्या आधी काय करतो? पानी मारतो. सडा घातला की धूळ बसते, पायाला गार लागतं, सारवन फुटत नाय. एवढी वर्षं कधी चुकवलं नाय. सकाळी लवकर उठून आमी मैदानात गेलो, कोनी आलेलं नव्हतं. मोठं सिमेंटचं कोर्ट, गुळगुळीत, पांढरे पट्टे. मंदावैनी पट्ट्यांच्या पाया पडली नि बोलली, "चला, नळ तिकडं हाय." आमी दोन बादल्या घेतल्या नि अख्ख्या कोर्टावर सडा घातला. चांगला दाट घातला, पावन्याच्या गावात कमी कशाला. ताराबाय नि तिची जाऊ वनिता, दोघींनी तर कोपरे पन सोडले नाय.

मंग शिट्टी गळ्यात घातलेला मानूस आला, जितूदादा, तोच सगळं बघत व्हता. लांबूनच वरडला, "ओ बायांनो! ओ! हे काय केलं?"

मंदावैनी बोलली, "सडा घातला. धूळ बसावी म्हनून."

"धूळ कुठं हाय? सिमेंट हाय! यावर बूट घालून पळायचं हाय, पाय मोडतील पोरींचे! हे कोर्ट हाय का तुमचं अंगन?"

तवर मुरबाडच्या टीमच्या पोरी आल्या, कॉलेजातल्या, चकचकीत बूट, केसाला रबर. आमची मॅच त्यांच्याशीच. त्या पोट धरून हसल्या. एक बोलली, "मावशी, रांगोळी ऱ्हायली की."

आमची आय सोनीला कडेवर घेऊन उभी, तिनं मागनं उत्तर दिलं, "काढते की गो. हळदीकुंकवाला तुमीच या पयल्या."

सगळे हसले, त्या पोरी पन. जितूदादानं गोनपाटं आनली. आमी गुडघ्यावर बसून कोर्ट पुसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, लोक जमलेले, मोबाइल काढलेले. पन मंग त्या रांगोळीवालीनं बूट काढले नि माझ्या शेजारी येऊन बसली नि पुसायला लागली. मला विचारलं, "नाव काय तुमचं?" माझा घसा सुकला, तरी सांगितलं, "रेश्मा." ती बोलली, "तुमची ती लली नाय आली? मी तिच्यासाठी आलेली. शहापूरला तिनं आमाला रडवलं व्हतं."

मी बोलली, "तिला नोकरी लागली."

ती बोलली, "हा, मंग बरं झालं." कोनासाठी बरं झालं ते तिनं सांगितलं नाय.

मॅचचं काय सांगू. सिमेंटवर बॉल आपटला की तो उंदरासारखा पळतो. आमाला सवय खळ्याची, बॉल गुडघ्यापर्यंत येईल म्हनून हात खाली ठेवला की तो सरळ तोंडावर. माझ्या नाकावर लागला. वनिताच्या कपाळावर. ताराबायनं दोनदा बॉल आपटला नि दोनदा तो त्यांच्याच पोरींच्या हातात गेला, जसा काय तिनं बोलावून दिला. नि त्याहून वाईट सांगते. जिच्या हातात बॉल येई ती मान वळवून बघायची, लली कुठं हाय. मी पन बघितलं. बॉल हातात, समोर रिंग, नि मी मागं बघते. ललीच्या जागेवर मीच उभी व्हती नि मीच तिला शोधत व्हती.

हरलो. किती ते नका विचारू. त्यांचे मोजायला पाटी लागली, आमचे बोटांवर झाले.

दुपारी मावशीच्या ओटीवर बसलो, कोनी जेवायला तयार नाय. रविवारची एक मॅच उरलेली, टोकावड्याकडच्या टीमशी. ती एक जिंकली तर रिंग ऱ्हायली. तेवढ्यात ललीचा फोन आला, व्हिडिओवरचा. आयनं सोनीला बाजूला ठेवलं नि फोन दोन्ही हातांनी धरला. लली हापिसाच्या टीमच्या निळ्या कपड्यात, केस कापलेले. आय बोलली, "जेवलीस काय गो?" नि फोन मंदावैनीकडं दिला.

मंदावैनीनं सगळं सांगितलं, सडा, हार, दामूकाका, खांब. लली बोलली, "वैनी, मी येऊ का? उद्या सकाळी निघाली तर मॅचच्या आधी पोचते. यादीत माझं नाव अजून असंल. पुकारलं की उतरते."

ओटीवर अशी हवा फिरली, जसा उकाड्यात पंखा लागला. रोशनी उठून नाचली. ताराबायनं हात जोडले. मंदावैनी बोलली, "ये गो बाय, ये, गाडी पाठवते सरळगावला."

मी बोलली, "नको येऊ."

कसं बोलली मला ठाऊक नाय. सगळ्या माझ्याकडं वळल्या. मी फोन घेतला. वाकडा धरलेला, ललीला माझा नुसता कानच दिसत असंल. बोलली, "तू दुसऱ्या टीमची हायस आता. तिथं कळलं तर तुझी नोकरी जाईल. नि तू आलीस तर उद्या जिंकू. परवा काय? दामूकाका पुढच्या साली परत विचारनार, लली कुठं हाय. नको येऊ."

लली बोलली, "वैनी, बॉल आपटू नका सिमेंटवर. नुसता एकमेकीला द्या." फोन ठेवला.

मंदावैनी मला लय बोलली. "घाबरट ती घाबरट, नि शहानपन शिकवते! तुझी नणंद, तुझा नवरा, तुझ्या नवऱ्यानं ठोकलेली रिंग, मंग तूच ठरव ना सगळं! उद्या खांब पडला की तूच सांग दामूकाकाला!"

मी बोलली, "सांगीन." नि रडली. पन शब्द परत घेतला नाय. आयनं सोनीला माझ्या मांडीवर आनून ठेवलं नि बोलली, "दूध पाज तिला. नि तू पन खा. ती काळी भाकर ताकदीची हाय म्हनते बाई."

मी दोन खाल्ल्या.

रविवार

सकाळी उठलो तवा मंदावैनी माझ्याशी बोलत नव्हती. मावशीनं गवती चहाचा चहा दिला, तिकडं साखर इतकी घालतात की चमचा उभा ऱ्हाईल. मी सोनीला पाजून आयकडं दिली. मैदानावर जाताना जितूदादा नळाजवळ उभाच व्हता, आमाला बघून हसला, "आज राखन करतोय."

टोकावड्याच्या पोरी आमच्यासारख्याच, दोघी तिघी लग्नाच्या, एकीनं गळ्यातलं मंगळसूत्र ब्लाउजात खोवलेलं. त्यांच्याकडं पन एक लली व्हती, बारकी, तुरुतुरु पळनारी, बाकीच्या तिला बघत कमरेवर हात ठेवून. मला बघून कसंसंच झालं. आपन बाहेरनं अशा दिसत व्हतो.

सुरवातीला परत तेच झालं. बॉल आपटायचा नाय हे ठरलेलं, पन द्यायचा कुनाला ते कळेना, नि सगळ्या मुक्या. त्यांची ती बारकी दोनदा घुसली, दोनदा टाकला. मंग बॉल रोशनीकडं आला, तिच्यावर दोघी धावून आल्या, नि ती घाबरून जोरात वरडली, "धर गो वैनी!"

भात घरी आनल्यावर आपन उडवी रचतो ना, भारे खालनं वर जातात, या बाईकडनं त्या बाईकडं, नि कोनी बघत नाय, नुसतं वरडतो, धर गो, दे गो. बघत बसलं तर काम व्हायचं नाय. आवाज आला की हात आपोआप जातात. रोशनी वरडली नि मंदावैनीचे हात आपोआप गेले. वैनी वरडली, "धर तारे!" ताराबाय, "धर गो!" नि बॉल माझ्या हातात, नि मी मागं बघितलंच नाय. मी उंच हाय. रिंग जवळ व्हती. टाकला.

पडला.

मंग आमचं तोंड बंद झालं नाय. "धर! दे! धर गो! हितं, हितं दे!" लोक आधी हसले, कोनतरी बोललं, बाजार भरवला बायांनी. मंग तेच लोक वरडायला लागले, धर गो, धर गो. शकूमावशी पन आलेली, ती वरडत व्हती पन तिला कळत नव्हतं कोन कोनाची, दोन्हीकडं बॉल पडला की टाळ्या वाजवायची. कालची रांगोळीवाली कोर्टाच्या कडेला उभी राहून मला सांगत व्हती, "रेश्माताई, हात वर! वर!"

आमी गुनांत जवळ आलो. अगदी जवळ. मधल्या सुट्टीत मंदावैनी माझ्याशी बोलली पयल्यांदा. "नाक दुखतंय काय तुझं?" मी बोलली, "नाय." ती बोलली, "दुखतंय. सुजलंय. खोटं बोलू नको." नि स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं.

पन आमी पाचच. बदली कोनी नाय. त्यांच्या सात जणी, दमली की एक बसे, एक येई. शेवटी शेवटी वनिताच्या पायात गोळा आला, ती लंगडत पळाली, ताराबायला धाप लागली, मला छातीत दूध दाटलेलं, सोनी बाहेर रडत व्हती नि प्रत्येक रडन्याला माझा ब्लाउज ओला. दोन बास्केटांनी मागं व्हतो. मी एक टाकला. मंग बॉल परत आमच्याकडं, धर गो, धर गो, मी टाकला, तो रिंगवर फिरला, फिरला, नि बाहेर. शिट्टी झाली.

हरलो. एका बास्केटनं.

टोकावड्याच्या पोरी आमच्या गळ्यात पडल्या. मी खाली बसली नि उठवेना. मला वाटलं, लली असती तर. एकदाच वाटलं. मंग सोनीला घेतलं.

जितूदादा पान्याचा जग घेऊन आला. बोलला, "अजून दोघी असत्या तुमच्याकडं तर आज मी तुमचं नाव फळ्यावर लिवलं असतं." मंदावैनी बोलली, "दोघी कुठनं आनू? भेंडीसारख्या उगवतात काय?"

सोमवार, घरी

येताना गाडीत भेंडी नव्हती. पूल आला तवा मी दोन्ही डोळे उघडे ठेवले. पानी संथ व्हतं, खाली कोनतरी म्हशी धुत व्हतं. किन्हवलीच्या पुढं माहुली दिसली नि रोशनी रडायला लागली. पाडा जवळ आला म्हनून रडली ती.

दामूकाका नि दोघं पोरं देवळापुढं उभेच व्हते, पाना नि कुदळ घेऊन. काका टिंगल करनार असं वाटलं, पन त्यांनी केली नाय. बोलले, "काय झालं?"

मंदावैनीनं माझ्याकडं बघितलं. मी सांगीन असं बोललेली ना. मी गाडीतनं उतरली. सगळा पाडा जमलेला, मी या पाड्याची सून, ज्या मानसांसमोर पदर घेऊन जाते त्यांच्यासमोर उभी.

मी बोलली, "हरलो काका. दोन्ही. बोलल्यापरमानं खांब काढा. पन लली नव्हती म्हनून नाय हरलो. पाचच व्हतो म्हनून हरलो. नि रिंग आमची हाय, ती आमी काढनार, तुमी नका हात लावू."

काका बोलले, "रिंग घेऊन करनार काय? चुलीवर ठेवनार?"

तवा आय बोलली. सोनी तिच्या खांद्यावर झोपलेली. "आमच्या खळ्यावर लावनार. घरामागं. माझं खळं हाय, माझ्या सासऱ्यानं बांधलेलं. तिथं कमिटी नाय."

मी आयकडं बघितलं. त्या खळ्यावर गुरांच्या पेंढ्याची उडवी उभी. नि एका अंगाला आयच्या वालाचा मळा, त्याच्यात कोंबडी गेली तरी ती दगड मारते. मी हळू बोलली, "आय, वाल तुडवला जाईल."

आय बोलली, "जाऊ दे. त्या पोरीचा खेळ बघायला मी कधी खळ्यावर गेली नाय. आता दारात तरी बघीन."

काकांनी कुदळ खाली ठेवली. ते बोलले, "मंग खांब पन न्या. सागाचा हाय, शेडला काय करायचा." नि पोरांना बोलले, "ए, हात लावा रे, उपटायला मदत करा बायांना."

संध्याकाळपर्यंत खांब आमच्या खळ्यावर उभा झाला. थोडा कलला हाय, भिवंडीच्या कामावरनं हे आले की सरळ करतील. खळं ल्हान हाय, एका अंगाला उतार, बॉल गेला की सरळ वालात. मंदावैनी बोलली, बरं हाय, बॉल शोधता शोधता शेंगा पन तोडून होतील.

मंगळवारी सकाळी भाकऱ्या झाल्यावर आमी पाच जणी खेळलो. वनिता बसून खेळली, पाय सुजलेला. आय ओटीवर बसून बघत व्हती नि मधीच वरडत व्हती, धर गो.

हे सगळं लिवलं ते पाड्यातल्या बायांसाठी, नि शेणव्याच्या, नि पलीकडच्या वाडीतल्या, ज्या गाडीत बसल्या नाय. कोनाची सासू, कोनाचं पोर ल्हान, कोनाला लाज. मला सगळं कळतं, माझं पन तेच व्हतं, नि अजून हाय. मला आज पन पुलाची भीती वाटते. बूट नसले तर चालतंय, आमी पन अनवानीच खेळतो. बॉल आपटायला यायला पाहिजे असं नाय, आमाला पन येत नाय. भारा झेलता येत असला की बस झालं. पोर आय सांभाळील, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

पुढच्या साली परत मुरबाडला जायाचं हाय, नि जिंकायला जायाचं हाय. त्याला पाच पुरत नाय. लली येनार नाय. तुमी या.